पहिली चूक

"सर, पुन्हा थांबलं," हादिया म्हणाली.

नझीर सर नुकतेच असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज पढून आले होते. टोपी खिळ्याला अडकवून त्यांनी खुर्ची ओढली. पडद्यावर लाल अक्षरांच्या वीसेक ओळी होत्या.

"घाबरायचं नाही. कुठून वाचायचं?"

"वरून. खालच्या एरर वरच्या एररच्या पोटच्या पोरी असतात. पहिली चूक शोधायची."

"शाबास."

अकरा वर्षांची हादिया वरच्या मजल्यावर राहायची. सुट्टी लागल्यापासून रोज दुपारी ती सरांकडे लिनक्स शिकायला यायची. असरच्या वेळी सर मशिदीत जायचे, ती गल्लीतल्या अरबीच्या वर्गाला जायची, आणि दोघं परत येऊन पुन्हा बसायची. पनवेलमध्ये पस्तीस वर्षं गणित शिकवून सर निवृत्त झाले होते. कॉम्प्युटर मात्र त्यांचा नव्हता. जिब्रानचा होता.

जिब्रान त्यांचा एकुलता मुलगा. दीड वर्षापूर्वी मोटारसायकलवरून येताना गव्हाण फाट्याजवळ ट्रेलरखाली गेला. त्याआधी दोन महिने बापलेकांत बोलणं नव्हतं. नोकरी सोडली म्हणून सर त्याला पाहुण्यांसमोर नको ते बोलले होते.

त्या दिवशी घरातून निघण्याआधी तो काहीतरी लिहीत होता. चहा द्यायला गेलेल्या त्याच्या आईला, शहाबानोला, वर 'अब्बा' एवढंच दिसलं होतं. पत्र पाठवायचं राहिलं. ते त्याच्या ब्राउझरमध्ये, जपून ठेवलेल्या पानांत होतं.

तो ब्राउझर बाजारातला नव्हता. जिब्राननं मूळ कोड उतरवून, त्यात स्वतःचे बदल करून तो बांधला होता. त्याच्या माघारी सरांनीच एकदा चांगल्या हेतूनं सिस्टिम अपडेट केली आणि ब्राउझर उघडेनासा झाला. दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरला ती पानं वाचता येईनात. कोड तेवढा शाबूत होता. तोच ब्राउझर पुन्हा बांधायचा, असं सरांनी ठरवलं.

पहिला महिना त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, जमवण्यात गेला. एक बसवली की मशीन दुसरी मागायचं. रॅम कमी पडून ते दोनदा गोठलं. गेल्या आठवड्यापासून चुका निराळ्या होत्या. कधी एखादी ओळच नाही, कधी कंस बंद केलेला नाही.

"सापडली! इथे ओळ नाहीये."

"त्याची घाई," आजूबाजूच्या ओळी बघून सर ती भरू लागले. "काहीतरी बदलत बसला असेल, अर्धं टाकून उठला. गणितातसुद्धा शेवटची पायरी गाळायचा. किती ओरडलोय मी त्याला."

ओळ भरून त्यांनी कीबोर्ड हादियाकडे सरकवला.

हादियाचं बोट वरच्या बाणाकडे गेलं.

"बाण नको. मागची कमांड आयती पुढ्यात येते, पण ते आळशांचं काम. बोटांनी लिहिलं की डोक्यात राहतं."

मॉनिटरच्या कडेला सरांनी कागद चिकटवला होता. त्यावर ठळक अक्षरांत दोन कमांड होत्या, एक ब्राउझर बांधायची आणि एक तो चालवायची. हादियानं पहिली बघून बघून टाइप केली. दुसरी अजून एकदाही वापरली नव्हती. ती सर स्वतः टाइप करणार होते.

कोपऱ्यात शहाबानो सुकट निवडत बसली होती. महिनाभर ती तिथेच बसायची.

"आज तरी होईल का हो?"

"इन्शाअल्ला, होईल. झालं की पहिलं तुला वाचून दाखवतो. का तूच शिकतेस? हादियाच्या शेजारी बस."

"मला आपली सुकट बरी. तुमचा चहा निवतोय."

सर चहा आणायला आत गेले तशी ती हादियाला म्हणाली, "हे सुरू झाल्यापासून इस्त्रीचा सदरा मागतात. त्याआधी वर्षभर दाढीला हात लावला नव्हता."

"मग लवकर व्हायला पाहिजे ना, दादी?"

शहाबानोनं सुकटीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी अरबीचा वर्ग लवकर सुटला. हादिया परतली तेव्हा सर मशिदीतून आले नव्हते. पडद्यावर लाल ओळी होत्या.

सर यायच्या आत आपणच दुरुस्त करायचं, असं तिनं ठरवलं. वरून वाचत गेली. पहिली चूक सापडली, फाईलचं नाव कळलं. सर नव्हते, म्हणून तिनं बाण दाबला.

बांधायची कमांड आली. पुन्हा दाबला. त्याआधी कुणीतरी एक फाईल उघडली होती. तीच फाईल, जिचं नाव आत्ता लाल ओळीत होतं. सरांनी ती अजून पाहिलीही नव्हती.

हादिया बाण दाबत मागे मागे गेली. बांधणं, फाईल, बांधणं, फाईल. आणि मग एक वेगळी कमांड आली. तिनं कडेच्या कागदाकडे पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळवलं.

दुसरी कमांड.

मागे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"दादी," हादिया वळून म्हणाली, "ब्राउझर एकदा उघडला होता."

"गेल्या आठवड्यात, सोमवारी," शहाबानो म्हणाली.

ओढणीला हात पुसत ती जवळ आली. उभ्या उभ्याच एका बोटानं खालचा बाण दाबत राहिली. सगळ्या कमांड एकेक करून निघून गेल्या आणि ओळ रिकामी झाली.

"सर छान शिकवतात," ती म्हणाली.

"पत्र होतं?"

"होतं. पुरं केलेलं होतं."

जिन्यात सरांच्या चपला वाजल्या. शहाबानो पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. सूप मांडीवर घेतलं. दाराकडे बघत, हादियाला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांना वाटतं, त्यात माफी आहे."