भर दुपारची बत्ती

करंजाड्यातल्या आपल्या नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट केतन गिऱ्हाइकांना स्वतः फिरून दाखवायचा.

"दिवसभर बटणाला हात लावायची गरज नाय, मॅडम," म्हणत त्याने पडदे सरकवले आणि सगळा हॉल उन्हाने भरून गेला. "जिन्यात सेन्सर, गच्चीवर सोलर. ग्रीन बिल्डिंग आहे आपली."

मॅडम खूश झाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी सहज खाली वाकून पाहिलं. टॉवरच्या मागे, अगदी पायथ्याशी, एक कौलारू घर अंग चोरून बसलं होतं. टॉवर उभा राहिल्यापासून त्याच्या ओटीवर ऊन पडलंच नव्हतं. तिथे बल्ब लावून एक म्हातारी सुकट निवडत होती.

"बारा वाजता लाईट?" मॅडम हसल्या.

"गावची माणसं हो," केतनही हसला. "त्यांना कोण शिकवणार वीज वाचवायला?"

बुकिंगचं नक्की झालं. मॅडमची गाडी गेटबाहेर पडली, तसा केतन मागच्या वाटेने खाली आला आणि त्याच कौलारू घराच्या ओटीवर त्याने चपला काढल्या.

"आये, जेवायला वाढ. आन् दिवसाची बत्ती नको लावत जाऊस."

"बत्तीशिवाय काय दिसत नाय रं, बाला."

केतनने बटण बंद केलं.



"पन ती वरून दिसते, आये."