दहावा डाव

"हत्ती, ई-सात." वैजयंतीने आपल्या पडद्यावरची खेळी वाचून दाखवली.

समोरच्या टेबलावर पुंडलिककाकांनी ती आपल्या संगणकात भरली आणि बोट एंटरवर नुसतं टेकवून ठेवलं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ते आणि तिचे बाबा वीस वर्षं असंच काम करत आले होते. एकाने बटणावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी बघून 'बरोबर' म्हणायचं, मगच दाबायचं. कॉलनीच्या क्लबात दोन संगणकांचा बुद्धिबळाचा सामना लावला तेव्हा बाबांनी हाच नियम घातला होता.

"बरोबर," ती म्हणाली. काकांनी एंटर दाबलं.

तिच्या बाजूला बाबांनी सहा वर्षं घरी बसून लिहिलेला प्रोग्राम, काकांच्या बाजूला मुंबईहून विकत आणलेला. बाबांचा प्रोग्राम डाव जिंकत असला तर शून्याच्या वर, हरत असला तर खाली असा आकडा दाखवत राही. खेळीला तीन मिनिटं, डाव दहा. नऊ हरून झाले होते. त्यातले शेवटचे तीन तिने, बाबा गेल्यानंतर, चालवले. या दहाव्यात पूर्ण गुण मिळाला, तरच पुण्याचं मासिक हौशी प्रोग्रामांच्या यादीत बाबांचं नाव छापणार होतं. अर्ज त्यांच्याच अक्षरात भरलेला होता. निकालाची जागा तेवढी कोरी.

काकांच्या प्रोग्रामने कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. वैजयंतीला कळेना. वजीर मारात असताना प्यादं?

"तुमच्या दुकानातल्या मालाला झोप लागली वाटतं, काका."

"थांब गो. घरच्या लोनच्याला एवडा माज बरा नाय."

बाबांच्या प्रोग्रामने वजीर मारला. तिने खेळी वाचली. काकांनी भरली. त्यांच्या संगणकाने ती घेतली नाही. पुन्हा भरली, पुन्हा तेच. काका पडद्यावर वाकले. त्यांच्या पटावर हत्ती सातव्या रांगेत नव्हताच. सहाव्या रांगेत उभा होता.

काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माजंच बोट चुकलं. साताच्या जागी सहा दाबला. तुज्या 'बरोबर'साठी थांबलो पन नसेन. भरनाऱ्याची चूक, डाव समोरच्याचा. लिव अर्जावर. मी सई करतो."

अर्ज तिच्या कोपराखालीच होता. पेनाचं टोपण तिने काढलं, आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"तुम्ही थांबला होतात," ती म्हणाली.

"मला नाय आठवत."

"मला आठवतं. मी तुमच्या पडद्याकडे बघितलंच नाही, काका. आमचा आकडा पहिल्यांदाच शून्याच्या वर गेला होता, तो बघत बसले होते."

"वैजू, हे मी इचारलं नाय तुला."

"डाव मागे घ्या."

काकांनी दोन्ही पट मागे नेले आणि हत्ती सातव्या रांगेत ठेवला. या वेळी ती उठून त्यांच्या खुर्चीमागे गेली, पडद्यावर वाकली, मग बोलली. त्यांच्या प्रोग्रामने तीन मिनिटं घेतली आणि वजीर बाजूला काढला.

त्यानंतर बाबांच्या बाजूचा आकडा उतरत गेला. एक उंट गेला, मग हत्ती. संध्याकाळच्या पाळीची बस गेटाबाहेर भरून निघून गेली. बावन्नाव्या खेळीला बाबांच्या राजाला शह बसला; जायला एकच घर उरलं होतं, आणि तिथे गेला की पुढच्या खेळीला मात. दोघांनाही ते दिसत होतं. हार मानायची सोय बाबांनी आपल्या प्रोग्राममध्ये ठेवलीच नव्हती, आणि एकच वाट असली तरी घड्याळ पुरतं संपवल्याशिवाय तो खेळत नसे.

पडद्यावर आकडे धावत राहिले. वैजयंतीचा हात कीबोर्डकडे गेला. त्याचा विचार मध्येच थांबवायची कळ तिला ठाऊक होती.

"र्‍हाऊ दे," पुंडलिककाका म्हणाले. त्यांनी आपले हात मांडीवर घेतले होते. "अजून दोन मिंटं हायत त्याची."