शिंगाळ्याचा काटा

“हात तोडलात तर मी मासळी कापू कशानं?” दमयंती डॉक्टरीणबाईंचे पाय धरायला वाकली.

शिंगाळा माशाचा काटा तिच्या उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटात घुसला, तेव्हापासून जखम चिघळतच गेली. पू तपासला, पण जंतू सापडेना. औषधं थकली. बोट काढलं, तरी गाठी मनगटावर चढल्या. आता हात कोपरापासून काढायचा ठरला होता.

“एक शेवटची तपासणी करून पाहू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी जखमेतला मांसाचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी मुंबईला पाठवला. निकाल येईपर्यंत हात काढणं लांबणीवर टाकलं.

अखेर डॉक्टरीणबाई धावतच वॉर्डात आल्या. “सापडला! क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे, माशांमधून येतो. साध्या तपासणीत हाती लागत नाही. गोळ्यांनी मरेल. हात वाचला, मावशी!”

दमयंतीला हुंदका फुटला. मग ती बोटाच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. “म्हणजे माझं बोट उगाच गेलं?”

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. “हो. ही तपासणी आम्ही आधीच करायला हवी होती.”

दमयंतीनं पदरानं डोळे पुसले. “लिहा गोळ्या,” ती म्हणाली. “उरलेली चार तरी वाचवा.”