अर्ध्या तासाचा पल्ला

डॉक्टर "तासाभराचा प्रश्न आहे" म्हणाले, तेव्हा ऋजुताने नागपूरहून व्हँकुव्हरला भावाला फोन लावला.

"निनाद, साध्या विमानाने तू उद्या पोचशील. आई तोवर नाही थांबायची."

"मग शीघ्र विमानाने येतो. अर्धा तास."

"वेडा झालास का? अजून चाळिशीही नाही तुझी!"

पण फोन बंद झाला होता.

बाहेरच्या जगासाठी शीघ्र विमान अर्ध्या तासात नागपूरला उतरायचं. आत झोपलेल्या माणसाच्या अंगावरून मात्र तेवढ्यात तीस वर्षं निघून जायची.

ऋजुता आईचा हात धरून बसली. आईचा श्वास मध्येच थांबला की तिचाही थांबे. "आई, निनाद निघालाय गं. थांब जरा."

दार उघडलं. पांढऱ्या केसांचा, खांदे उतरलेला म्हातारा आत आला. सकाळी व्हिडिओ कॉलवर दिसलेले डोळे तेवढे ओळखीचे होते. ऋजुताने तोंडावर हात दाबला.

आईने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहता पाहता तिचा हात डोक्याकडे गेला, नसलेला पदर सावरायला.

"अहो, आलात?"

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

निनाद पुढे झाला. तो उशाशी बसला. "हो, आलो."

"आपला निनू पोचेल ना हो वेळेवर?"

त्याने तिचा हात हातात घेतला.

"निघालाय," तो म्हणाला. "येईलच एवढ्यात."