उलारची शीळ

शीळ घुमली आणि बेगिमायने ओठ मिटून हसू गिळलं. हुबेहूब! मेंढवाड्यामागे, खिंडीच्या बाजूच्या दगडांत तिने लपवलेला तो एवढासा स्पीकर, त्यातून मागच्या वसंतात फोनवर टिपलेली उलारची शीळ काय सुंदर चढत गेली! क्षणभर तिलाच वाटलं, आला की काय खरंच!

आजोबा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. पहाट नुकतीच फुटत होती. रोज या दिवसांत दोघं असेच अंगणात यायचे. ओढ्यावरचा बर्फ तडतडत फुटायचा, कड्यावर लाल चोचीचे डोंगरकावळे भांडत सुटायचे, आणि दोघं वाट बघायचे ती उलारची. थंडीभर हा डोंगरकोंबडा गावालगत असतो. बर्फ वितळत जाईल तसा वर सरकतो. त्याची शीळ खिंडीकडून आली, की वरच्या कुरणांची वाट मोकळी झाली. मग मेंढरं काढायची. कधी काढायची ते तिच्या या एसेनकुल आजोबांनी सांगायचं, हा गावाचा रिवाज. त्यांच्या कानावर अख्खं गाव डोळे मिटून चालायचं.

आता फक्त ‘फसलात की नाही!’ म्हणायचं होतं. मग उद्या शाळेत सगळं साभिनय सांगायचं होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तोंड न उघडणारी बेगिमाय हल्ली बोलायला लागली, की मागच्या बाकावरचेसुद्धा पोट धरून हसायचे.

पण आजोबांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. दुवा मागून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आणि तिला काही सुचायच्या आत कुंपणापलीकडे हाक मारली, “झुमाबेक! अरे ऊठ, खिंड मोकळी झाली!”

“ऐकलंत?” झुमाबेककाका एका पायात बूट घालून धावत आले.

“तर! पोरी, जा, सुयुंचू माग घराघरांतून!”

आनंदाची बातमी आणणाऱ्याला प्रत्येक घरातून काहीतरी द्यायचंच असतं, तो सुयुंचू. बेगिमाय गेली. पहिल्याच घरी सांगून टाकू, असं ठरवून गेली. पहिल्या घरी तिच्या ओंजळीत सुके जर्दाळू पडले. दुसऱ्या घरी म्हाताऱ्या आजीने तिच्या कपाळाचा मुका घेतला. विधवा बूरुलकाकू तर रडायलाच लागली. तिच्याकडचा चारा संपत आला होता. “तुझ्या तोंडात साखर पडो गं बाई,” म्हणत तिने स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून बेगिमायच्या गळ्यात बांधला. त्यानंतर ते सांगणं कोणाला जमलं असतं?

आणि काय होणार होतं? आकाश तर इतकं निळं होतं! कळप चढायला लागला. वितळत्या बर्फाच्या कडेने पिवळी फुलं वर आली होती, झुडपातून तित्तिरांची जोडी भुर्र उडाली, आणि खूप वर, पंख न हलवता, एक दाढीवालं गिधाड तरंगत होतं. बेगिमाय घोड्यावरून सगळं बघत होती. मुद्दाम मोठमोठ्याने गात होती.

खिंडीत बर्फ छातीएवढा होता. वरून कडक, आतून भुसभुशीत. पुढची मेंढरं त्यात रुतली, मागची त्यांच्यावर चढली, आणि दुपारी वारा उलटा फिरला. माणसं परत आली. मेंढ्याही बऱ्याच आल्या. कोवळी कोकरं मात्र तिथेच राहिली. बूरुलकाकूने दोन कोकरं कोटात छातीशी धरून आणली होती. तिने ती चुलीपुढे ठेवली. ती हललीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावातले पुरुष आजोबांकडे चहाला आले. कोणी आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं.

“वय झालं की कानात वारा शिरतो, बाबा,” झुमाबेककाका शेवटी म्हणाले. “वाऱ्यालाच उलार समजलात तुम्ही.”

“असेल,” आजोबा म्हणाले. “चूक माझी. पुढल्या वसंतात दुसऱ्या कुणाला विचारा.”

बेगिमाय दारात किटली धरून उभी होती. चहा ओतायचा होता. कोणाच्याही वाटीकडे तिला बघवेना. ती किटली तशीच ठेवून बाहेर पळाली.

लोक गेल्यावर आजोबा मेंढवाड्यात आले. ती रिकाम्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. ते जवळ टेकले.

“आजोबा, तुम्ही नाही चुकलात. मीच...” पुढचे शब्द तिने कसेबसे ढकलले. “उलार नव्हताच. ती माझी गंमत होती. फोनवर वाजवलं मी.”

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांना काही उमगलंच नव्हतं जणू.

“काय वाजवलंस?”

“शीळ. तुम्ही ऐकलीत ना, ती शीळ!”

“शीळ?” आजोबा हळूच म्हणाले. “तसला बारीक आवाज तर मला कित्येक वर्षांत ऐकू आलेला नाही गं. उलार बोलला की तुझा चेहरा उजळतो. मी तो बघतो आणि गावाला सांगतो, निघा.”