तिसरा कोड

चष्म्याच्या दुकानात ताई फ्रेममध्ये काच बसवत होती, तेवढ्यात फोनवर मेसेज आला. कुणीतरी ईमेलचा पासवर्ड विसरलं होतं आणि नवा घालायचा कोड तिच्याकडे आला होता. कुणीतरी म्हणजे धाकटीच. तिचं ईमेल कॉलेजात असताना ताईनेच उघडून दिलं होतं, स्वतःचा नंबर घालून. पण वडिलांच्या आजारपणात दोघी बहिणींचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

आता झक मारत फोन करेल, असं म्हणत ताई वाट बघत बसली. फोन आला नाही. दुसरा कोड आला, मग तिसरा. शेवटी तिनेच फोन लावला.

"लिहून घे," म्हणाली आणि एकेक आकडा सावकाश सांगितला.

"उघडलं." धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. "आत्ता मुलाखत आहे गं, लिंक यातच होती."

"मग फोन का नाही केलास?"

"तू उचलला नसतास तर?"

ताईने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली.

"मुलाखत झाली की तुझा नंबर काढून टाकते," धाकटी म्हणाली. "उगाच तुला त्रास."

"राहू दे," ताई म्हणाली. "परत विसरशीलच की."