मित्राची लक्षणे

"मला नव्हे, माझ्या मित्राला," बुद्धघोष सर म्हणाले.

डॉ. राघवेंद्र यांनी पेन टेबलावर ठेवले. गेल्या दोन गुरुवारीही त्यांनी हेच वाक्य, याच खुर्चीवरून, याच शांत स्वरात ऐकले होते. बेंबळीचे हे निवृत्त मुख्याध्यापक सकाळची एसटी धरून उमरग्याला येत, नाव नोंदवत, दोन तास बाकावर बसून राहत आणि आत आल्यावर दुसऱ्याच कोणाची तरी व्यथा सांगत.

"बरे. मित्राला काय होते?"

"लघवीची धार बारीक झालीय. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. एका आसनावर चार तास हलायचे नाहीत, आता अर्ध्या तासात उठतात. प्रवास तर सोडूनच दिलाय. आणि या आठवड्यापासून कंबर दुखतीय."

सर गावच्या विहारात ध्यानाचे वर्ग घेतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. आसनावर बसणारा तो माणूस कोण, हे निराळे सांगायला नको होते. वयस्क पुरुष आपली लज्जा अशीच एखाद्या मित्राच्या खांद्यावर ठेवतात, हे त्यांनी पंधरा वर्षांच्या व्यवसायात अनेकदा पाहिले होते.

"सर, तिसऱ्यांदा सांगतो. साठीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढतेच. वाढली म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. परंतु तपासल्याशिवाय कोणालाही भेद कळत नाही. मलाही नाही आणि तुमच्या त्या मित्रालाही नाही. रक्ताची एक चाचणी आहे. बोटाने करायची तपासणी अर्ध्या मिनिटाची. यात लाजण्यासारखे काय आहे?"

"हेच मी त्यांना सांगितलं. ते म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरपुढं तर जास्तच लाज वाटते."

"मग अनोळखी डॉक्टरकडे जाऊ द्या! धाराशिवला डॉक्टर नाहीत काय?"

"आहेत की. पण ऐकतील तर तुमचंच."

"नाव काय त्यांचे?"

"शब्द दिलाय, डॉक्टर. नाव सांगता येणार नाही. आणि खोटं मी बोलत नाही."

डॉक्टरांनी कपाळ चोळले. तेवढ्यात मोबाइल वाजला. तुळजापूरहून वडिलांचा फोन होता. गेले तीन दिवस याच फोनची प्रतीक्षा होती. घेणे भागच होते.

"आप्पा, काय ठरवलेत? श्रेयसची मुंज पंधरा दिवसांवर आली. तुम्हीच आचार्य म्हणून बसायचे, असे आपले ठरले होते."

पलीकडून थोडकेच शब्द आले. "दुसरा कोणी पाहा. माझे येणे होणार नाही."

"कारण तरी सांगाल? मंगल कार्यालय पसंत नाही? उमरगा पसंत नाही? आम्ही कोणी काही बोललो का?"

"तसे काही नाही. सुखी राहा." फोन बंद झाला.

डॉक्टरांनी मोबाइल टेबलावर आपटला. "बघा सर, हे आमचे वडील. हजार मुंजी लावल्या असतील, आणि स्वतःच्या नातवाच्या मुंजीला नकार! आजकाल वृद्ध माणसे सरळ बोलतच नाहीत."

सर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "वडिलांना असा कर्करोग असला, तर मुलाला होतो का?"

"होतोच असे नाही. जोखीम मात्र दुपटीने वाढते. अशा मुलाने पंचेचाळिशी गाठली, की काही त्रास नसला तरी रक्त तपासून घ्यावे. का? तुमच्या मुलाची चिंता वाटते?"

"मला दोन मुलीच आहेत. हा प्रश्न मित्राचा. त्यांनी स्वतःचं काही विचारलंच नाही, एवढंच विचारून ये म्हणाले."

डॉक्टरांचा संयम संपला. त्यांनी नर्सला बोलावायची घंटी वाजवली. "इरम्मा! यांचे रक्त घ्या. सोलापूरला पाठवायचे आहे."

"माझं? माझं कशाला?"

"माझ्या समाधानासाठी. द्या!"

सरांनी निमूटपणे बाही वर केली. सुई लावताना इरम्मा डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "साहेब, एक सांगू का? ह्ये दोन-दोन तास बसत्यात, दोनदा चहा पित्यात, पन एकदाबी उठत न्हाईत बघा."

"तुम्ही सुईकडे लक्ष द्या," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सर आले, तेव्हा अहवाल टेबलावर उघडाच होता.

"एक पूर्णांक एक दशांश," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वयाच्या माणसाला हेवा वाटावा असा आकडा. रात्री किती वेळा उठता?"

"एकदाही नाही."

"कंबर?"

"कालच खळ्यावर पोती उचलली."

"मग तीन आठवडे मी कोणाला उपदेश करत होतो, सर? त्या अवधीत इथे किती खरे रुग्ण ताटकळले असतील!"

"मित्राला करत होतात. पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय मी."

"म्या म्हनलं व्हतं," दारातून इरम्मा पुटपुटली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बारीक धार, रात्रीचे उठणे, आता कंबरदुखी: जर असा माणूस खरोखर कुठे असेल, तर त्याचे तीन आठवडे वाया गेले होते. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "नाव सांगा. आता शब्दबिब्द पुरे. मी स्वतः गाडी घेऊन जातो, आजच त्यांचे रक्त घेतो."

"शब्दातून त्यांनी मला कालच मोकळं केलं. जोखीम दुपटीची, हे तुमचं वाक्य सांगितलं, तेव्हा ते देवापुढून उठून बाहेर आले. तुळजापूरला शाळेत होतो, तेव्हापासूनची ओळख आमची." सर पुढे झुकले. त्यांनी डॉक्टरांच्या हातातले पेन अलगद काढून घेतले. "जाऊ आपण. पण तुम्ही सत्तेचाळीसचे ना? इरम्माबाईंना बोलवा आणि आधी तुमचं रक्त द्या. त्याशिवाय दार उघडणार नाही, असं आप्पांनी सांगून पाठवलंय."